घसरलेला दगड, लांबलेली मान: मॅनरिझमला ऱ्हास म्हणायचं का?

शिसपेन्सिल

मराठीत पाश्चात्त्य कलेवर जे वाचायला मिळतं त्यात रेनेसाँची गोष्ट बहुतेक वेळा १५२० ला आटोपते. लिओनार्दो १५१९ मध्ये गेला, राफाएल ६ एप्रिल १५२० ला गेला, की पुढचं पान एकदम कॅराव्हॅज्जोवर आणि सतराव्या शतकातल्या बरोक शैलीवर. मधली सत्तर-ऐंशी वर्षं, म्हणजे मॅनरिझम या शैलीचा काळ, एका परिच्छेदात उरकतात आणि त्या परिच्छेदात 'कृत्रिम', 'ओढूनताणून', 'ऱ्हासकाळ' हे शब्द ठरलेले असतात. मला हे फार खटकतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं आहे की या मंडळींना नियम उत्तम येत होते. ते इतके अंगवळणी पडले होते की ते मोडून बघण्यात त्यांना खरा रस वाटू लागला. दोन उदाहरणं देते.

उत्तर इटलीतल्या मांतुआ शहराच्या कडेला, तिथला सत्ताधीश फेदेरिको गोंझागा याच्या घोड्यांच्या पागा होत्या त्या जागी, चित्रकार-वास्तुकार जुलिओ रोमानोनं १५२४-२५ च्या सुमारास 'पलाझ्झो ते' हा महाल बांधायला घेतला. काम साधारण दहा वर्षं चाललं. आतल्या चौकात उभं राहिलं की खांबांच्या डोक्यावरून जाणारी आडवी पट्टी दिसते. डोरिक या प्राचीन ग्रीक पद्धतीत या पट्टीवर ठरावीक अंतरावर उभ्या खाचांचे ठोकळे बसवतात, त्यांना ट्रायग्लिफ म्हणतात. इथे त्यातले काही ठोकळे जागेवरून निसटून खाली आलेत, खालच्या पट्टीतून लोंबतायत. एखादाच असा असता तर भूकंप झाला असेल म्हटलं असतं. हे ओळीनं घसरलेत, सारख्या अंतरावर आणि सारख्याच मापानं.

दुसरं उदाहरण फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयातलं, चित्रकार पार्मिजानिनोची 'लांब मानेची मॅडोना' (बाळ येशूसह मेरी). १५३४ ला काम हाती घेतलं आणि १५४० मध्ये सदतिसाव्या वर्षी तो वारला तेव्हाही ते अपुरंच होतं. मान लांब आहेच, पण बोटं पाहा, मांडीवरून घसरू पाहणारं बाळ पाहा. तान्हं म्हणावं तर अंगलट चांगल्या मोठ्या मुलाची, आणि झोप अशी की जिवंत आहे ना असं वाटावं. डावीकडे देवदूतांची दाटी, उजवीकडे सगळं मोकळं, आणि त्या मोकळ्या जागेत अगदी चिमुकला संत जेरोम गुंडाळी उलगडून उभा. तो फार दूर आहे म्हणून लहान, की मुळात बाहुलीएवढाच, याचा पत्ता चित्र लागू देत नाही. मागच्या खांबांकडे खाली पाहाल तर रांग दिसते, वर पाहाल तर एकच खांब!

याला ऱ्हास म्हणाल? कोणी ही ठिकाणं पाहिली असतील तर जरूर लिहा.

वाटसरू

वाचतोय. वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी इटलीचा बेत आहे.

साळुंकी

छान धागा. एक बाळबोध प्रश्न: ही सगळी मंडळी एकमेकांना ओळखत होती का? म्हणजे 'आपण मॅनरिस्ट' असं काही ठरलेलं होतं का?

रंगारी

साळुंकी, तसं मंडळ वगैरे कधी नव्हतं. नाव आणि शिक्का दोन्ही नंतरचे. जोर्जो वसारीनं १५५० साली (आणि वाढवून १५६८ साली) कलावंतांची चरित्रं छापली, त्यात शैलीदारपणा हा गुण म्हणून येतो. शंभर वर्षांनी, १६७२ मध्ये बेल्लोरी या कलासमीक्षकानं उलटं लिहिलं: राफाएलनंतरच्यांनी निसर्गाकडे पाहणं सोडलं आणि एकमेकांची चित्रं बघून चित्रं काढली, त्यानं कला नासली. शिसपेन्सिल ज्या परिच्छेदाबद्दल बोलते आहे त्याचं मूळ तिथे आहे. ओळखीचं म्हणाल तर पोंतोर्मो आणि रोस्सो हे चित्रकार दोघेही फ्लॉरेन्समध्ये आंद्रेआ देल सार्तोच्या हाताखाली होते, ब्रोंझिनो पोंतोर्मोचा शिष्य, आणि जुलिओ रोमानो राफाएलच्या कारखान्यातला सगळ्यात हुशार हात. घराणं एकच, म्हणायला हरकत नाही.

घाटमाथा

लेख आवडला, पण 'नियम मोडण्यातला रस' हे फार हलकं स्पष्टीकरण वाटतं.

६ मे १५२७ ला सम्राट पाचव्या चार्ल्सचं पगार थकलेलं सैन्य रोममध्ये शिरलं. पोप सातवा क्लेमेंट सांत'आंजेलोच्या किल्ल्यात कोंडला गेला. लूट महिनोन् महिने चालली. ज्या शहरात राफाएलनं 'अथेन्सची शाळा' रंगवली त्याच शहरात घोडे बांधायला जागा म्हणून चर्चं वापरली गेली. त्याआधी १५१७ पासून लूथरनं चर्चची मुळं हलवलेली. अशा काळातल्या चित्रकाराला सगळं जग समतोल, सगळे खांब सरळ असं कसं दिसेल? तो घसरलेला दगड मला तरी विनोद वाटत नाही.

पार्मिजानिनो तर स्वतः तिथे होता. वसारी सांगतो की सैनिक त्याच्या खोलीत घुसले तेव्हा तो चित्र काढत होता, आणि काम बघून ते थबकले.

अंजिरी

घाटमाथा, तुमच्या बाजूनं एक साक्ष. त्याच पलाझ्झो ते मध्ये राक्षसांची खोली आहे, १५३२ ते १५३५ मधली. ज्युपिटर वीज फेकतोय आणि ऑलिंपसवर चढून आलेले राक्षस डोंगराखाली, खांबांखाली चिरडले जातायत. या खोलीला चित्राची चौकट अशी नाहीच. भिंतींचे कोपरे गोलावलेत, भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते डोळ्याला कळत नाही, आणि सगळं आपल्या अंगावर येतंय असं वाटतं. जमीन पूर्वी नदीतल्या गोट्यांची होती आणि तेच गोटे पुढे भिंतीवर रंगवत नेले होते (आता ती जमीन राहिलेली नाही). शिवाय खोलीत आवाज विचित्र घुमतो. एका कोपऱ्यात पुटपुटलेलं दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू येतं.

मी आत गेले तेव्हा एक शाळेची सहल होती, आणि ती चाळीसेक पोरं एकदम गप्प झाली. एका राक्षसाच्या तोंडावर विटा पडतायत, डोळे बाहेर आलेत, हात मात्र अजून खांबाला धरून. तेवढ्यापाशी मी बराच वेळ उभी होते.

रंगारी

घाटमाथा, मुद्दा वजनदार आहे, पण तारखा आड येतात.

पोंतोर्मोचं सान मिकेले व्हिस्दोमिनी चर्चमधलं चित्र १५१८ चं. त्यात आकृत्या आधीच अस्वस्थ, मध्यबिंदू आधीच हरवलेला. रोस्सोचं व्होल्तेर्रातलं 'क्रुसावरून उतरवताना' १५२१ चं: शिड्यांवर लोंबकळणारी माणसं, कागदाला चुण्या पडाव्यात तसे टोकदार कपडे, आणि ख्रिस्ताच्या अंगाला हिरवट छटा. फ्लॉरेन्समधल्या मायकेलअँजेलोच्या लॉरेन्शियन ग्रंथालयाचं काम १५२४ ला सुरू झालं. जुलिओ मांतुआला आला तोही १५२४ लाच. म्हणजे या शैलीतली महत्त्वाची पावलं रोम लुटलं जाण्याच्या आधीच पडली होती.

आणि हे 'हादरलेल्या मनाची कला' प्रकरण कुठून आलं तेही बघा. १९२० साली कलेचा इतिहासकार माक्स द्वोर्झाकनं व्हिएन्नात एल ग्रेको आणि मॅनरिझमवर व्याख्यान दिलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य नुकतंच कोसळलेलं. त्या शहराला सोळाव्या शतकात आपलाच चेहरा दिसला, हे समजण्यासारखं आहे. त्या व्याख्यानानं ही चित्रं पुन्हा लोकांच्या नजरेत आली हे द्वोर्झाकचं मोठं ऋण.

रोमच्या लुटीनं झालं ते असं की चित्रकार पांगले आणि शैलीही पांगली. पेरिनो देल व्हागा जेनोव्हात दिसतो, पार्मिजानिनो बोलोन्याला गेला, सान्सोव्हिनो आणि सेर्लिओ हे वास्तुकार व्हेनिसला. रोस्सो १५३० मध्ये फ्रान्सच्या राजाकडे फाँतेनब्लोला पोचला आणि दहा वर्षांत तिथे एक नवी शाळाच उभी राहिली.

घाटमाथा

तारखा मान्य. पण मग १५२२-२३ ची फ्लॉरेन्सची प्लेगची साथ? पोंतोर्मो त्या साथीमुळेच शहर सोडून गाल्लुत्सोच्या मठात राहायला गेला ना? भीती काय फक्त लुटीचीच असते?

रंगारी

बरोबर. पण त्या मठात त्यानं केलं काय ते पाहा. ड्यूररची जर्मन छापचित्रं समोर ठेवून भित्तिचित्रं काढली. यावर वसारी चिडला: असा गोड हात असलेल्या माणसानं जर्मनांच्या नादी का लागावं! प्लेगनं त्याला एकांत दिला हे खरं, पण शैलीत बदल झाला तो एका नव्या चित्रकाराकडे टक लावून पाहिल्यानं.

षड्ज

शिसपेन्सिलताईंच्या मुद्द्याला दुजोरा. लय पक्की असलेला गवईच समेला हुलकावणी देऊ शकतो, आणि ती मजा फक्त ताल हातावर धरून बसलेल्या श्रोत्याला कळते. जुलिओचा दगड तसाच असावा. पण मग मांतुआत ताल धरून बसलेलं होतं कोण?

शिसपेन्सिल

षड्ज, नेमका प्रश्न! दरबार. फेदेरिकोची आई इझाबेल्ला देस्ते, म्हणजे इटलीतल्या सगळ्यात चोखंदळ संग्राहकांपैकी एक. त्या वर्तुळात व्हिट्रुव्हियस या प्राचीन रोमन वास्तुकाराच्या ग्रंथाची चर्चा होत होती, रोमचे अवशेष मोजून काढलेली रेखाटनं फिरत होती. १५३० साली खुद्द पाचवा चार्ल्स इथे पाहुणा म्हणून आला आणि फेदेरिकोला ड्यूक करून गेला. डोरिक पट्टीवर काय कुठे बसतं हे ठाऊक नसलेल्याला ठोकळा घसरलाय हे कळणारच नाही. १५३७ मध्ये सेर्लिओनं आपल्या वास्तुग्रंथात याच वास्तूचा दाखला दिला आणि ओबडधोबड दगड व घडीव दगड एकत्र वापरण्याचं कौतुक केलं: अर्धं काम निसर्गाचं, अर्धं माणसाच्या हाताचं.

सिव्हिलवाला

दगड? पलाझ्झो ते मध्ये दगड फार थोडा आहे. मांतुआ भोवती तळी आणि गाळाची जमीन, जवळपास खाण नाही. ती सगळी राकट दगडी भिंत म्हणजे विटा आणि त्यावर चुन्याचा गिलावा. खांबसुद्धा विटांचे. गवंड्यानं ओल्या गिलाव्याला दगडाच्या फोडीचा पोत दिलाय. म्हणजे जो ठोकळा जड होऊन घसरलाय असं आपल्याला वाटतं त्याला वजनच नाही. मला व्यवसायामुळे असेल, पण या इमारतीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. गिलावा करणाऱ्याला तिथे पूर्ण गुण.

अंजिरी

हे माहीत नव्हतं! आता भिंतींचे फोटो पुन्हा काढून बघते.

शिसपेन्सिल

सिव्हिलवाला, तुम्ही आलात ते बरं झालं. लॉरेन्शियन ग्रंथालयाच्या जिन्याच्या दालनाबद्दल सांगा ना. पुस्तकांत लिहितात की तिथले खांब भिंतीत 'कोंडलेत' आणि खालचे ब्रॅकेट काहीच पेलत नाहीत, म्हणून ती मॅनरिस्ट वास्तू.

सिव्हिलवाला

अर्धं खरं आहे. सविस्तर लिहितो.

सान लोरेंत्सोच्या मठाच्या इमारतीवर हा मजला चढवला. खालच्या जुन्या भिंती फार ओझं घेऊ शकत नव्हत्या, त्यामुळे वरची भिंत पातळ ठेवणं भाग होतं. छताचा भार घ्यायला खांब हवेत आणि खाली आधार मिळेल तिथेच ते उभे करायला हवेत. म्हणून जोडीजोडीनं खांब भिंतीच्या खोबणीत गेले. ते नुसते शोभेचे नाहीत, वरचं ओझं खरोखर घेतात. १९३४ साली विट्कोवर या अभ्यासकानं हे मांडलं तोवर सगळे त्याला नुसती लहर समजत होते.

आता दुसरी बाजू. कुठल्याही सरळ वास्तुकारानं ही अडचण झाकली असती. मायकेलअँजेलोनं ती पुढे आणली. खांब मागे आणि भिंतीचे पडदे पुढे आलेले, त्यामुळे भिंतच खांबांना दाबतेय असं वाटतं. खांबांखाली दुमडलेले जाडजूड ब्रॅकेट आहेत, ते मात्र कशालाच टेकू देत नाहीत. खिडकीच्या चौकटी आहेत, खिडक्या नाहीत, आणि चौकटीच्या बाजू खाली निमुळत्या होत गेल्यात. करडा पिएत्रा सेरेना दगड आणि पांढरा गिलावा, तिसरा रंग नाही. दालन रुंदीपेक्षा उंच, त्यामुळे विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं होतं.

आणि मधोमध जिना. तो आपल्या अंगावर खाली वाहत येतो. मधल्या पायऱ्या फुगीर, गोलसर, दोन्ही बाजूंना सरळ पायऱ्यांच्या रांगा, वर जाऊन तिन्ही एकत्र. बाजूच्या रांगांना बाहेरून कठडा नाही. (आजी-आजोबांना मधूनच न्या.) यातली गंमत अशी की मायकेलअँजेलो १५३४ ला फ्लॉरेन्स सोडून गेला तो परत आलाच नाही. १५५५ मध्ये वसारीनं पत्रानं विचारलं तेव्हा त्यानं कळवलं की असा एक जिना आपल्याला स्वप्नातल्यासारखा आठवतो. पुढे रोमहून मातीचा छोटा नमुना पाठवला आणि त्यावरून अम्मान्नाती या वास्तुकारानं १५५९ मध्ये जिना उभा केला. मायकेलअँजेलोला तो अक्रोडाच्या लाकडाचा हवा होता. झाला दगडाचा.

षड्ज

अप्रतिम प्रतिसाद.

वाटसरू

+१. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

पदर

मी कापडवाली आहे, म्हणून एक अवांतर. ब्रोंझिनोनं काढलेलं एलेओनोरा दी तोलेदोचं, म्हणजे फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो याच्या बायकोचं चित्र, १५४५ च्या सुमाराचं, मुलगा जोव्हान्नी शेजारी. तिच्या झग्याचा पांढरा रेशमी पोत, त्यावर काळ्या मखमलीची वेलबुट्टी आणि सोन्याच्या तारेचं डाळिंब. सोन्याच्या तारेचे टाके उभे राहिलेत ते ब्रोंझिनोनं एकेक करून दाखवलेत. कापडाचा वजनदारपणा कळतो, ते अंगाभोवती कसं ताठ उभं राहतं ते कळतं. बाईचा चेहरा मात्र काहीच कळू देत नाही. तिला याच झग्यात पुरलं अशी दंतकथा आहे, पण थडग्यातून निघालेला पोशाख वेगळा निघाला, तो पित्ती राजवाड्यात जपलाय.

हेही मॅनरिझममध्येच येतं का? इथे मान लांब नाही, काही घसरलेलं नाही.

शिसपेन्सिल

येतं, आणि अवांतर अजिबात नाही. लांब मान हा एकच निकष धरला तर निम्मी चित्रं बाहेर राहतील. ब्रोंझिनोत हात कसे ठेवलेत, त्वचा कशी हस्तिदंती, मागची निळाई कशी सपाट, ते बघा. राफाएलच्या माणसांशी आपल्याला बोलावंसं वाटतं. एलेओनोरा आपल्याशी बोलणार नाही हे चित्रकारानं आधीच ठरवून टाकलंय. कोसिमोच्या नव्या दरबाराला तेच हवं होतं.

साळुंकी

एल ग्रेकोबद्दल कोणीच काही बोललं नाही. त्याच्या डोळ्यांत दोष होता म्हणून त्याला माणसं लांबुळकी दिसायची असं वाचलं होतं.

रंगारी

हा समज जुना आहे आणि टिकणारा नाही. डोळ्यात दोष असेल तर समोरचा माणूस जसा लांब दिसेल तसाच कॅनव्हासही लांब दिसेल, दोन्ही एकमेकांना खोडून काढतील. त्याहून चांगला पुरावा चित्रातच आहे. तोलेदोच्या सांतो तोमे चर्चमधलं 'ओर्गाथच्या काउंटचं दफन', १५८६ ते ८८. खालच्या अर्ध्या भागात शहरातली प्रतिष्ठित मंडळी ओळीनं उभी आहेत: नेहमीची उंची, नेहमीचे चेहरे, गळ्याभोवती पांढऱ्या चुण्या. वरच्या अर्ध्या भागात स्वर्ग आहे आणि तिथे सगळं लांब, ज्योतीसारखं वर जाणारं. एकाच कॅनव्हासवर एकाच डोळ्यानं. कुठे लांबवायचं आणि कुठे नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

टाकी

शिल्पकलेला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. फ्लॉरेन्सच्या लोज्जा देई लान्झी या चौकाकडेच्या उघड्या कमानदार दालनात जांबोलोन्या या शिल्पकाराचं तीन आकृत्यांचं शिल्प आहे, १५८१-८३ चं, चार मीटरहून उंच, एकाच संगमरवरी दगडातलं. खाली वाकलेला म्हातारा, त्याच्यावर पाय रोवून उभा तरुण, आणि त्यानं वर उचललेली स्त्री. पिळा घालत वर चढणारी रचना. समोरून बघितलं तर म्हातारा नीट दिसत नाही, बाजूला जावं तर स्त्रीचा चेहरा वळतो, त्याच्या मागे जावं तर तरुणाची पाठ येते. सबंध फेरी मारल्याशिवाय शिल्प हाती लागत नाही. याआधीच्या बहुतेक पुतळ्यांना समोरची बाजू ठरलेली असायची.

आणि विषय? आधी विषय नव्हताच. तीन वयांची तीन शरीरं एका दगडात गुंफता येतात का, हे आव्हान होतं. 'साबाइन स्त्रियांचं अपहरण' हे नाव नंतर सुचवलं गेलं. दगडाचं काम करणाऱ्याला हे ऐकून धडकी भरते. वर उचललेल्या हाताचा दगड शेवटपर्यंत राखून ठेवायचा, खालचं वजन पेलेल एवढंच खालून काढायचं.

घाटमाथा

इथे मात्र मला बेल्लोरी पटू लागतो. विषय नंतर ठरवला म्हणजे निव्वळ कसब झालं की. अपहरणाच्या शिल्पात बाईच्या भीतीशी शिल्पकाराला काही देणंघेणं नाही?

पदर

सहमत. कौशल्याला दाद, पण ते शिल्प बघताना मला अस्वस्थ वाटतं, आणि 'रचना बघा' म्हणून ते जात नाही.

टाकी

तुमची अस्वस्थता रास्त आहे. फक्त तिचा चेहरा एकदा जवळून पाहा, तोंड उघडं आहे आणि हात आकाशाला गेलाय. भीती त्यानं कोरली आहे. तरुणाच्या बोटांखाली तिच्या मांडीचं मांस दबलंय तेही कोरलंय. विषयाचं नाव नसलं तरी काय घडतंय हे त्याला कळत होतं.

मांडवीकाठ

गोव्यातून हजेरी. या काळाचा धागा आमच्याकडेही येतो.

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचं काम १५६२ ला सुरू झालं आणि बोम जेझूचा पाया १५९४ चा, अभिषेक १६०५ चा. म्हणजे ही थेट मॅनरिझमच्या वेळची बांधकामं. लोक सरसकट 'बरोक' म्हणतात. से चा दर्शनी भाग बघितला तर तो साधा, गंभीर, आणि बरोकचा उसळता जोर त्यात नाही. १७७६ मध्ये एक मनोरा पडल्यामुळे तो आता एकांगी दिसतो. बोम जेझूचा चेहरा वेगळा: जांभ्या दगडाची भिंत, त्यात काळ्या बेसॉल्टचे चौकोनी अर्धखांब आणि चौकटी, मजल्यामागून मजला रचत वर नेलेल्या, वरच्या मजल्यावर गोल खिडक्या आणि माथ्यावर जेझुइटांची आयएचएस ही अक्षरं. तो बेसॉल्ट वसईहून आणला. १९५० च्या दशकात बाहेरचा गिलावा काढला म्हणून जांभा उघडा पडला आणि आज लोकांना तोच मूळ रंग वाटतो. पावसाळ्यात त्या उघड्या दगडाचं काय होतं ते बघून जीव हळहळतो.

आत सेंट फ्रान्सिस झेव्हियरची समाधी आहे, तिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनं घडवला आणि तिसऱ्या कोसिमो दे मेदिचीनं भेट म्हणून पाठवला, १६९८ च्या सुमारास. तो मात्र पक्का बरोक. वरची चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांची, १६३६-३७ ची. वर गोवा, खाली फ्लॉरेन्स.

रंगारी

मांडवीकाठ, सुंदर. गोव्याचा आणखी एक दुवा जोडतो. १५८० मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट फतेपूर सीक्रीला अकबराकडे पोचले. सोबत अँटवर्पला प्लांतिननं छापलेलं बहुभाषी बायबल होतं आणि युरोपातली छापचित्रंही. अकबराच्या चित्रकारांनी ती पुढ्यात घेऊन चित्रं काढली. केशवदासचं 'संत जेरोम' पॅरिसच्या गीमे संग्रहालयात आहे. त्याचा नमुना मारिओ कार्तारोचं १५६४ चं छापचित्र, आणि त्यातल्या आकृतीची बैठक मायकेलअँजेलोनं सिस्टीन छतावर काढलेल्या झिंगलेल्या नोहाची. रोमच्या छतावरचं शरीर तीन हातांतून फिरून मुघल कागदावर पोचलं. केशवदासनं कपड्यांच्या चुण्या आणि झाडं आपल्या पद्धतीनं केली, अंगाची कलती मांडणी तेवढी ठेवली.

साळुंकी

हे भारीच आहे! मग हे सगळं संपलं कधी?

शिसपेन्सिल

एका दिवशी नाही. कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या धर्मपरिषदेनं डिसेंबर १५६३ मध्ये ठराव केला की चर्चमधली चित्रं भाविकाला समजतील अशी हवीत, त्यात चाळवणारं आणि अस्थानी काही नको. १५६५ मध्ये दानिएले दा व्होल्तेर्राकडून सिस्टीन चॅपेलच्या 'अंतिम निवाड्या'तल्या नग्न आकृत्यांवर वस्त्रं चढवली गेली. १५७३ मध्ये व्हेनिसच्या व्हेरोनेझे या चित्रकाराला धर्मन्यायालयानं बोलावून विचारलं की शेवटच्या भोजनात विदूषक आणि जर्मन सैनिक कशाला? त्यानं कवी आणि वेडे घेतात तेवढी मोकळीक चित्रकारालाही असते असं सांगितलं आणि चित्राचं नाव बदलून सुटका करून घेतली. पुढे बोलोन्यात कार्राच्ची बंधू पुन्हा समोरचा माणूस बघून चित्रं काढू लागले. प्रागमध्ये मात्र सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारात मॅनरिझम त्याच्या मृत्यूपर्यंत, १६१२ पर्यंत, मजेत नांदला. आर्चिंबोल्दोनं त्याच रुडॉल्फचा चेहरा फळाभाज्यांचा केला आणि राजाला तो आवडला.

वाटसरू

माझा स्वार्थी प्रश्न: फ्लॉरेन्सला एकच दिवस मिळाला तर?

शिसपेन्सिल

सकाळी पोंते वेक्कियो ओलांडून सांता फेलिचिता चर्च. आत शिरल्यावर लगेच उजवीकडे काप्पोनी चॅपेल आहे, तिथे पोंतोर्मोचं १५२५-२८ चं चित्र. ख्रिस्ताला उतरवून नेतायत, पण क्रूस नाही, थडगं नाही, जेमतेम जमीन आणि एक ढग. पुढचा पोरगा चवड्यांवर बसलाय आणि त्याच्या खांद्यावर ख्रिस्ताचं सगळं ओझं. एवढं वजन घेऊन चवड्यांवर बसता येत नाही, हे त्याच्या पावलांकडे पाहिल्यावर लक्षात येतं. त्याच्या अंगातला गुलाबी सदरा कातडीसारखा चिकटलाय, सदरा कुठे आणि अंग कुठे ते सांगता येत नाही. तो आपल्याकडे बघतोय. वसारी सांगतो की पोंतोर्मोनं तीन वर्षं चॅपेल बंद ठेवून कोणाला आत येऊ दिलं नाही.

मग उफित्सी, मग लोज्जा देई लान्झी (तिकीट नाही, टाकींचा प्रतिसाद उघडून फेरी मारा), आणि लॉरेन्शियन ग्रंथालयाच्या वेळा आधी बघून ठेवा.

घाटमाथा

याच पोंतोर्मोवर मी अडून आहे. आयुष्याच्या शेवटची दहा वर्षं तो सान लोरेंत्सोच्या गाभाऱ्यातली भित्तिचित्रं काढत होता. १५५४ ते ५६ ची त्याची रोजनिशी उरली आहे: आज अमुक औंस पाव, अंडी, सॅलड, आज त्या आकृतीचा हात, उद्या डोकं, पोट बिघडलं, थंडी वाजली. समासात काढलेल्या अवयवांची बारीक रेखाटनं. चित्रं अठराव्या शतकात पाडली गेली, काही तयारीची रेखाटनं उरली, त्यात एकमेकांवर रचलेल्या देहांचे ढीग आहेत. हा माणूस नियमांशी खेळत होता असं मला कोणी म्हणू नये.

जुलिओबद्दल तुमचं आणि सिव्हिलवाल्यांचं पटलं. दरबार होता, जाणकार होते, गिलावा होता.

शिसपेन्सिल

पोंतोर्मोपुरतं मान्य, घाटमाथा. खेळ हा शब्द त्याला लागू पडत नाही. पण ऱ्हास तरी कुठे लागू पडतो? ती उरलेली रेखाटनं काळ्या खडूची आहेत, आणि त्यातली एकही रेघ थकलेल्या हाताची नाही.

घाटमाथा

ऱ्हास मी कधीच म्हटलं नव्हतं :) पण मग तिंतोरेत्तोला कुठे बसवणार? व्हेनिसच्या सान जोर्जो माज्जोरे चर्चमधलं त्याचं शेवटचं भोजन, १५९२-९४. टेबल तिरकं खोल आत गेलंय, ख्रिस्त मध्यावर पण लांब आणि लहान, पुढे वाढपी आणि टोपलीत डोकावणारं मांजर, आणि दिव्याच्या धुरातून देवदूत निघतायत. याला मी मॅनरिझम म्हणतो, रंगारी बहुधा बरोकची सुरुवात म्हणतील.

रंगारी

म्हणणारच! उद्या सविस्तर लिहितो, सान रोक्कोपासून सुरुवात करून.